उगाच जाऊन येते

(वाचकाचं पत्र, थोडक्यात: 'मी ५९ वर्षांची. जिल्हा परिषदेच्या शाळेतून गेल्या वर्षी निवृत्त झाले. राहते सोलापुरात. तेहतीस वर्षं मुलांना दामाजीपंतांची गोष्ट सांगितली, पण मंगळवेढा कधी पाहिला नाही. माहेर सांगलीचं, त्यामुळे जाता-येता मंगळवेढ्याचं स्टँड एसटीच्या खिडकीतून शेकडो वेळा पाहिलंय. आता एकदा उगाच एकटीनं जाऊन दिवसभर हिंडून यावं असं वाटतं. घरी विषय काढला तर मुलगा म्हणाला, रविवारी गाडी काढतो, पंढरपूर, मंगळवेढा, माचणूर सगळं एका दिवसात करू. जाऊबाई म्हणाल्या, एकटी कशाला, लोक काय म्हणतील. हे 'जा की' म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. त्या दिवशी जेवणाचं काय, हा प्रश्न असावा. तिथं मला काम नाही, नवस नाही, नातलग नाहीत. उगाच एक दिवस घालवणं बरोबर आहे का? आणि गेले तर दिवसभर करू काय?' – एक वाचक, सोलापूर)

ताई,

तुमचं मूळ पत्र चार पानी आहे आणि त्यात 'उगाच' हा शब्द पाच वेळा आलाय. मी मोजला. शेवटच्या पानावर तर तुम्ही तो खोडून पुन्हा लिहिलाय. म्हणून आधी त्या शब्दाबद्दल बोलते, गाडी-रस्त्याचं मग.

तेहतीस वर्षं तुम्ही घराबाहेर पडलात ते कशासाठी तरी. शाळा, जनगणना, निवडणुकीची ड्यूटी, केंद्रावरची बैठक, कुणाचं लग्न, कुणाचं दहावं, सासूबाईंचा दवाखाना. इतकी वर्षं असं गेल्यावर हातात कारण नसलं की उंबरा ओलांडताना चोरी केल्यासारखं वाटतं. आपल्याकडे बाईनं एकटीनं जायचं तर देव चालतो, दवाखाना चालतो, माहेर चालतं. नुसतं हिंडायला जाते म्हटलं की चार माना वळतात. तुम्हीसुद्धा 'नवस नाही' असं लिहिलंय, जणू माफीच मागताय.

जा. एकट्याच जा. आणि घरी सांगताना 'उगाच जाऊन येते' हेच शब्द वापरा. दर्शनाला जाते असं म्हटलं तर लवकर सुटका होईल हे खरं, तरी तो आधार घेऊ नका. का, ते माझ्या अनुभवावरून सांगते.

पंधरा वर्षांपूर्वी मी अशीच एकटी नळदुर्गला गेले होते. घरी सांगितलं, ऑफिसचं काम आहे. पावसाळा चांगला झालेला. बोरी नदीच्या बंधाऱ्यातच बांधलेला १६१३ सालचा पाणीमहाल, त्याच्यावरून कोसळणारे नर आणि मादी हे दोन धबधबे. त्या पाण्याच्या पडद्यामागं, महालाच्या खिडकीत मी उभी होते आणि घड्याळ बघत होते. ऑफिसचं काम किती वाजता संपतं, किती वाजता घरी पोचलं तर कुणी विचारणार नाही, असा हिशेब चाललेला. उपळ्या बुरुजाच्या पायऱ्या धावत चढले, धावत उतरले आणि दीडच्या गाडीत बसले. रात्री जेवताना वाटत होतं की त्या पाण्याचा आवाज कसा होता ते कुणाला तरी सांगावं. सांगता येईना, कारण मी तिथं गेलेच नव्हते ना! तो दिवस मी पाहिला आणि घालवलाही. तुमचा तसा जाऊ नये.

मुलाचा राग धरू नका. गाडी काढतो म्हणणं ही त्याची माया आहे. पण तीन ठिकाणं एका दिवसात म्हणजे पंढरपूरच्या रांगेतच अर्धा दिवस गेला, आणि मंगळवेढा पुन्हा एकदा काचेतूनच पाहायचा. त्याला एवढंच सांगा: 'रविवारी पंढरपूरला सगळे जाऊ. मंगळवेढ्याला मी बुधवारी जाऊन येते.' सांगण्याचा सूर ठेवा, विचारण्याचा नको. कुठली गाडी धरली आणि परत किती वाजता निघणार, हे मात्र एका माणसाला नक्की सांगून ठेवा. त्यात परवानगी मागण्यासारखं काही नाही, उशीर झाला तर शोधायचं कुठं हे कुणाला तरी ठाऊक असावं.

यजमानांच्या जेवणाचं म्हणाल, तर आदल्या रात्री सगळं करून झाकून ठेवा असा सल्ला मी देणार नाही. सोलापुरात राहतो आपण. कडक भाकरी, शेंगांची चटणी, दही, कांदा एवढ्यावर या गावात पिढ्या जेवल्यात. एक दुपार निघेल. तुमचा स्वतःचा डबाही करू नका. डबा करायचा म्हणजे पहाटे चारला उठणं आलं, आणि एकदा उठलं की घरातल्या सगळ्यांचा होतो. पिशवीत दोन कडक भाकऱ्या आणि चटणीची पुडी टाका, अडीनडीला. बाकी तिथंच जेवा.

आता गाडी. सोलापूर ते मंगळवेढा साधारण ५५ किलोमीटर, दीड तास धरा. सांगली-मिरजेकडे जाणाऱ्या गाड्या त्याच रस्त्यानं जातात, ते तुम्हाला मी काय सांगणार. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा पैशाची जी टोचणी तुम्हाला लागलीय ती तिथंच सुटली. सकाळी सातच्या सुमारास निघा आणि खिडकीची जागा मिळत नसेल तर ती गाडी सोडा, पुढची घ्या. खरंच सोडा. त्या दिवशी तुम्हाला कुठं वेळेवर पोचायचं नाहीये.

तिऱ्ह्याला सीना ओलांडली, कामती गेली की बेगमपूर येतं. इथं मोबाइल पिशवीत ठेवून द्या. बेगमपुरात एक कबर आहे, औरंगजेबाच्या मुलीची म्हणून सांगतात. पुढं भीमेचा पूल, आणि पलीकडे माचणूर. १६९५ ते १६९९ या वर्षांत बादशहाची छावणी या काठावर, ब्रह्मपुरीला होती. आज जिथं कंडक्टर 'माचणूर, माचणूर' ओरडतो, तिथून चार वर्षं मोगलांचा कारभार चालला. तिथं किल्ला आहे, नदीकाठी सिद्धेश्वराचं सुंदर देऊळ आहे, आणि तुम्हाला उतरावंसं वाटेल. उतरू नका. माचणूरला स्वतःचा दिवस द्यावा लागतो. खिडकीतून नदी पाहा आणि पुढं चला.

दिवसभर करू काय, असं तुम्ही विचारलंय. मंगळवेढा पायी हिंडता येण्याएवढं गाव आहे. पाहायला म्हणून फार भव्य काही नाही, ते आधीच सांगते. भुईकोटाचे थोडे अवशेष, देवळं, जुने वाडे, बाजार. अजिंठ्याची अपेक्षा धरून जाणारा माणूस तासाभरात कंटाळेल. तुम्ही कंटाळणार नाही, कारण तुम्ही त्या गावाची गोष्ट तेहतीस वर्षं सांगितलीय.

आधी दामाजींच्या देवळात जा आणि बसा. घाईनं नमस्कार करून निघू नका. गोष्ट तुम्हाला पाठ आहे: पंधरावं शतक, बिदरच्या सुलतानाचा अंमल, दुष्काळ पडलेला, आणि दामाजीपंत इथले अंमलदार. सरकारी कोठारात धान्य भरलेलं, बाहेर माणसं उपाशी. त्यांनी कोठारं उघडली. बादशहानं पकडून आणायला माणसं धाडली, आणि दामाजी पोचायच्या आत विठ्ठल विठू महाराच्या वेशात बिदरला गेला, सगळी रक्कम भरली, पावती घेतली. वर्गात आपण सांगतो ते चमत्काराचं. मुलांचे डोळे तिथंच मोठे होतात, त्यामुळे आपणही तिथंच रेंगाळतो.

मंगळवेढ्यात बसून ही गोष्ट मला वेगळी दिसली. आधी कोठार दिसलं. हा मुलूख ज्वारीचा. पाऊस कमी, पण काळी माती खोल आणि ओल धरून ठेवणारी; पावसाळा सरताना पेरलेला जोंधळा त्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर वाढतो, पाणी न देता. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे पाचसहाशे वर्षांपूर्वी कोठार इथंच होतं याला कारण आहे, आणि दुष्काळही इथंच होता यालाही. तालुक्याच्या दक्षिण भागातली गावं पाण्यासाठी वर्षानुवर्षं भांडत आलीत, ते तुम्ही वर्तमानपत्रात वाचत असालच. अशा गावात धान्याच्या कुलपाची किल्ली हातात असलेला एक सरकारी नोकर काय करतो, ही ती गोष्ट आहे. तुम्हीही सरकारी नोकरी केलीत. वरून आलेला कागद आणि समोर उभं असलेलं पोर, यांत कुणाचं ऐकायचं असे प्रसंग तुमच्या वाट्याला आले असतील. तिथं बसून ते आठवा.

आणि एक गोष्ट, जी मला बरीच वर्षं सुचली नव्हती. दामाजींच्या आधी शंभराहून जास्त वर्षं, १३३८ साली, याच मंगळवेढ्यात गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखोबा गेले. गावाबाहेर राहणाऱ्या माणसांकडून गावाचं कुसू बांधून घेतलं जात होतं, आणि तेच त्यांच्या अंगावर पडलं. ढिगाऱ्यातून त्यांची हाडं नामदेवांनी शोधली. ज्या हाडांतून विठ्ठलाचं नाव ऐकू आलं ती चोखोबांची, असं परंपरा सांगते. ती पंढरपूरला नेऊन महाद्वारासमोर समाधी दिली. जिवंतपणी ज्या दारातून आत घेतलं नाही, त्या दारासमोर.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. ज्या गावात चोखोबा भिंतीखाली गेले, त्याच गावाच्या पुढच्या गोष्टीत देव येतो तो महार होऊन. राजाच्या, ब्राह्मणाच्या, सावकाराच्या रूपात आला असता तरी पैसे भरता आलेच असते. गोष्ट रचणाऱ्या लोकांनी त्याला खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी दिली. त्यांच्या मनात चोखोबा होते का? माझ्या मनात तरी तिथं बसल्यावर दुसरं काही आलं नाही. तुम्ही शिक्षक आहात, तुम्हाला काय वाटतं ते मला मनापासून जाणून घ्यायचंय.

जाऊबाईंच्या 'लोक काय म्हणतील'ला मी मुद्दाम इथं आणलंय, कारण तिसरी व्यक्ती त्यांच्यासाठी आहे. कान्होपात्रा इथलीच. श्यामा नावाच्या गणिकेची लेक. आईच्या वाटेनं जायचं नाही म्हणून ती वारकऱ्यांबरोबर पंढरपूरला निघून गेली. बिदरच्या सुलतानाचं बोलावणं आलं तेव्हा तिनं विठ्ठलाच्या पायांवर प्राण सोडला. पंढरपूरच्या देवळातलं तरटीचं झाड तिचं म्हणून दाखवतात. तिला त्या काळी गाव काय काय म्हणालं असेल! तुम्हाला तर फक्त संध्याकाळी परत यायचंय.

सोलापूरकर म्हणून आणखी एक धागा बरोबर न्या. बाराव्या शतकात कलचुरी राजा बिज्जल याची राजधानी मंगळवेढ्याला होती, कल्याणला, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बसवकल्याणला, जाण्याआधी. बसवेश्वर त्याच्या पदरी हिशेबाच्या कामाला लागले ते इथंच, असं मानतात. पुढं ते कल्याणला गेले, त्यांच्या शिवभक्तांची, म्हणजे शरणांची, सभा असा अनुभवमंटप उभा राहिला, आणि आपले सिद्धरामेश्वर, सोलापूरचं तळं खोदणारे, तिथं जाऊन त्या शरणांना मिळाले. आपण रोज संध्याकाळी ज्या तळ्याकाठी फिरतो, त्याचं नातं या एसटी थांब्याच्या गावाशी आहे. तिथल्या बाजारात कानडी हेल कानावर पडला तर नवल वाटून घेऊ नका. आपल्याच घरातला आहे.

बस, एवढंच. दामाजींचं देऊळ, जमलं तर किल्ल्याच्या बाजूनं एक फेरी, आणि जुन्या गल्ल्या. चौथं ठिकाण शोधू नका. त्याऐवजी बसायला एक जागा शोधा. देवळाचा मंडप, पाराचा कट्टा, कुठलीही सावली. तिथं तासभर बसा. पहिली दहा मिनिटं अवघड जातात. हात पिशवीकडे जातो, फोन काढावासा वाटतो, कुणी बघतंय का असं वाटतं. पंधराव्या मिनिटाला ते जातं. मग गाव दिसायला लागतं. मी बसले होते तेव्हा एक आजी सुपात काहीतरी निवडत होत्या. बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, 'कुठनं आलाव? कुणाकडं आलाव?' मी म्हटलं, 'सोलापूरनं. दामाजीपंतांकडे.' त्या हसल्या, थोड्या सरकल्या, आणि सूप दोघींच्या मध्ये ठेवलं. पुढचा पाऊण तास आम्ही निवडत बसलो. माझ्या घरी कोण कोण आहे, हे त्यांनी विचारलं. त्यांच्या सुनेचं बाळंतपण कसं झालं, हे मला कळलं. एकटीच का आलाव, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. तुम्हाला कुणी विचारलंच, तर 'हिंडायला' म्हणा. खरं उत्तर दिलं की माणसं पुढं उकरत नाहीत.

जेवायला साडेबाराच्या आत जा, खानावळीत गर्दी व्हायच्या आधी. एकट्या बाईनं टेबलाशी बसणं तुम्हाला जड वाटेल, तुमच्या पत्रात ते स्पष्ट दिसतंय. भिंतीकडची जागा घ्या, पाठ भिंतीला, तोंड दाराकडे. भाकरी मागा. त्या मातीतल्या जोंधळ्याची भाकरी तिथंच खायची. आणि स्वच्छतागृहाचं, कारण त्या धास्तीनं आपण बायका दिवसभर पाणी पीत नाही: स्टँडवर उतरल्या उतरल्या एकदा, जेवणाच्या ठिकाणी एकदा, निघताना एकदा. संकोच न करता विचारा. पाणी मात्र पीत राहा. तुम्ही गुडघ्यांबद्दल लिहिलंय. काढा-घालायला सोप्या चपला घाला, देवळात शिरताना वाकायला नको. लांब वाटलं तर रिक्षा करा, पायीच हिंडायचं असं काही व्रत नाही. दहा-वीसच्या नोटा सुट्ट्या ठेवा.

फोटो काढा हवे तर, पण घरच्या ग्रुपवर तिथून टाकू नका. टाकला की 'जेवलीस का', 'अजून तिथंच?', 'येताना पेढे आण' सुरू होतं आणि तुम्ही मनानं घरी पोचता. पोचल्याचा एक फोन करा, निघाल्याचा एक. कुणाचंही काम अंगावर घेऊन जाऊ नका. 'जातेच आहेस तर' या शब्दांनी सुरू होणारं प्रत्येक वाक्य त्या दिवसापुरतं नाकारा. मला माहीत आहे, हे तुम्हाला सगळ्यांत कठीण जाईल.

एक वस्तू मात्र आणा, स्वतःसाठी. निघण्याआधी बाजारातल्या एखाद्या भुसाराच्या दुकानात जा आणि मालदांडी ज्वारी दाखवा म्हणा. घाई नाही असं सांगा, तळहातावर घेऊन पाहा, टपोरी, मोत्यासारखी आहे का बघा. दोन किलो पुरे, गुडघ्यांना झेपेल एवढी. पीठ आणू नका, ज्वारीच आणा. चार-साडेचारची गाडी धरलीत की दिवेलागणीपर्यंत घरी.

कधी जायचं, तर मार्गशीर्ष-पौषात. तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जोंधळा उभा असतो, कणसांत हुरडा भरलेला असतो. उन्हाळ्यात आपल्याकडचं ऊन तुम्हाला अकरालाच घरी धाडेल. एकादशी टाळा, त्या दिवशी पंढरपूरकडच्या गाड्यांत शिरता येत नाही. संक्रांतीच्या आसपासही नको. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, दिवसांत आपल्याच स्टँडवर उभं राहायला जागा नसते. त्याच्या आधीचा एखादा बुधवार बघा, आणि चोखोबा-दामाजींबद्दल तिथं बसून जे सुचेल ते मला लिहा.

तुमची,
ताई